दाराच्या जागी दोन रेषा

३ तारीख
पूल शाबूत आहे. पुलाजवळच्या नाक्यावरच्या हवालदाराने स्वतः सांगितलं, वर चिमटाही काढला, की पेन्सिल घेऊन लढाईवर आलेले तुम्ही पहिलेच. गावात यायला-जायला हा एकच रस्ता. अठराला याच पुलावरून परतायचं, लेकीला तसा शब्द दिलाय. वीस वर्षं साप्ताहिकासाठी डोंगर-नद्या काढल्या, सहा लढाया काढल्या, पण इतकी चांगली खोली कधी मिळाली नव्हती. माडीवर, उत्तरेचा उजेड, भक्कम टेबल, एक दार, गजांची एक खिडकी. घरमालकीण मावशींनी बजावलंय, चित्रं हवी तेवढी काढा, फक्त माझ्या भिंतींवर नको.

५ तारीख
गच्चीवरून गाव आणि नदी काढली. टपाल निघायच्या घाईत पूल राहिला. तिथे दोन रेषा ओढून शेजारी लिहिलं, ‘इथे पूल, तीन कमानी’. नेहमीचीच पद्धत. आम्ही खुणा लिहायच्या, छापखान्यातल्या कोरक्याने लाकडी ठशात चित्र पुरं करायचं. म्हातारा कोरक्या गेला, आता नवा आलाय म्हणे.

९ तारीख
संपादकांना ‘आमचे चित्रकार कामात’ असं चित्र हवंय. ही खोली काढली, टेबलाशी मी, हातात पेन्सिल. स्वतःचं नाक रेखाटण्यात वेळ गेला. दाराच्या दोन रेषा, ‘इथे दार’. पाठवून दिलं.

१३ तारीख
पाच तारखेचं चित्र छापून आलं. पुलाच्या जागी दाट झाडी. नव्या कोरक्याने खूण वाचलीच नाही. मावशी मात्र म्हणाल्या, अगदी हुबेहूब आपलं गाव. मन राखायला म्हणाल्या असतील.

१४ तारीख
नाक्यापुढे पुलाच्या जागी खरोखरच झाडी आहे. जुनी, जाड बुंध्यांची. हवालदाराने मलाच विचारलं, कसला पूल साहेब. मग मी आलो कसा, म्हटलं. त्याने बराच विचार केला आणि विषय बदलला. मावशींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१५ तारीख
टपालाची थैली उंबऱ्यावर होती. कोणी टाकली, कुणी पाहिलं नाही. संपादक लिहितात, नव्या माणसाला खुणांचा राग आहे, अपुरं दिसेल ते मनाने भरून टाकतो, पण हात झकास. तुमची खोली सतराच्या अंकात.

१६ तारीख
खोली सोडली. खाली मावशींसमोर भाजी निवडत बसलो. जरा डोळा लागला. जाग आली ती टेबलाशी, हातात पेन्सिल. पुन्हा खाली गेलो. पुन्हा टेबल. तिसऱ्यांदा तर डोळाही लागला नव्हता—
म्हणजे ठशात मला कोरून झालंय. दार कोरायचं उरलंय.

१७ तारीख
आता उठवतही नाही. दार मिटू नये म्हणून सकाळीच त्यात रंगांची पेटी अडकवून ठेवली होती.
थैली आली. मावशी खालून सांगतायत, चित्र छान आलंय, वर घेऊन येते.
पावलं. जिना.
पेटी दिसत नाही. पेटी होती तिथे—
मावशी थांबल्या. पलीकडून भिंतीवर हात फिरतोय. हाका मारतोय मी. त्या स्वतःशीच म्हणतायत, वर काहीच नाही, मग हा जिना कुणी आणि कशाला बांध—