घरचे डॉक्टर

दि. १४, मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते. वहिनीचा गुडघा आता वाकतो का? म्हणावं, जिना टाळ. मागच्या महिन्यात शिक्षकांच्या सभेत बोलले. लोक म्हणाले, माईक बंद पडला तरी बाईंचा आवाज मागच्या भिंतीला लागतो. तोच आवाज इस्पितळातल्या वॉर्डाच्या दारात कवडीच्या कामाचा ठरला नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. संध्याकाळी तुझ्या टेबलावर असेल. मागणं आधीच सांगते, नाहीतर म्हणशील, हिचं भाषण सुरू झालं. आपल्या बारक्याचा पाय गुरुवारी गुडघ्याच्या वर कापणार आहेत. त्याआधी तू वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन कर. त्याची रोजची गोळी सुरू करा आणि दुखण्यावरचं औषध पुरेसं द्या, एवढंच सांग.

पाठीच्या दुखण्यासाठी आधी गोळ्या, मग नशेची पूड, ही त्याची वाट तुला माहीत आहे. त्यानंतर तू त्याचं नाव टाकलंस, त्यामुळे पुढचं माहीत नसेल. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला जिभेखाली विरघळणारी गोळी लावली. रोज कामावर जाण्याआधी तिथल्या बाकावर तोंड मिटून बसायचं, ती विरेपर्यंत. नर्स म्हणायची, "तुमची टकळी बंद करणारं जगात हे एकच औषध!" तो डोळ्यांनीच तिला उत्तर द्यायचा. वेल्डिंगच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली चार माणसं दिली होती. पूड सुटली होती, दादा. खरोखर सुटली होती.

मग पायावर पत्रा पडला. जखम चिघळून हाडापर्यंत गेली. भरती होताना गोळीचं त्याने आपणहून सांगितलं, आणि तिथेच त्याचं नशीब फिरलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सिस्टर म्हणाली, "पाकीट उशाखाली ठेवा." बारक्याच्या देखत. गोळी बंद झाली. मग घाम, ओकाऱ्या, हाडं पिळून काढल्यासारखी कळ, आणि त्यात तो सडका पाय. कण्हला की वॉर्डबॉय म्हणे, "झालं, खेळ सुरू!" गोळी थांबवू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी कळवलं, पण कुणी जुमानलं नाही. शेवटी तो भिंतीला धरून धरून बाहेर पडला. मला सापडला तो कारखान्यामागच्या शेडमध्ये, पूड घेऊन पडलेला. पाय काळा झाला होता.

परत भरती केला तेव्हा वॉर्डात सगळे म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

असं आहे हे. आधी औषध काढून घ्यायचं, मग माणूस कोसळला की तोच पुरावा म्हणून दाखवायचा. आगीतून उडी मारणाऱ्याला कुणी उडीची हौस होती असं म्हणत नाही. पण बारक्याला म्हणतात.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले. विचारलं, "रक्तदाबाचा पेशंट आला तर त्याची गोळी हिसकावून घेता का?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, मी एकट्याने नाही ठरवलं. तुमच्या घरचेच डॉक्टर नको म्हणाले."

घरचे डॉक्टर.

तुझा नंबर बारक्यानेच दिला होता. आपल्या घरात कुणाला साधी शिंक आली तरी आधी "दादाला विचारा". त्याच सवयीने तो ऐटीत म्हणाला असणार, "माझा सख्खा भाऊ डॉक्टर आहे, त्याला विचारा." आणि तू सांगितलंस, "एक नशा सोडून दुसरी धरली आहे त्याने. काही देऊ नका. नाटकी आहे, ओरडेल आणि दमेल." मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तसंच लिहिते आहे, यात माझा एकही शब्द नाही.

तुझा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. कळ सोसली की माणूस सुधारतो, असं तुला मनापासून वाटतं. वॉर्डबॉयला वाटतं, सिस्टरला वाटतं, निम्म्या गावाला वाटतं. म्हणून तर त्याविरुद्ध बोलताना माझा घसा बसतो. पाय जंतूंनी सडला असं ते लिहितील. मी म्हणते, तो तुम्हा सगळ्यांच्या शिसारीने सडला.

मला आशा नाही, दादा. तू शब्द मागे घेतल्याचं मला कधी आठवत नाही. गुरुवारनंतर गोळीवाचून ती कळ त्याला सोसणार नाही, तो पुन्हा निघून जाईल, कुबड्यांवर का होईना. आणि दर वेळी मी वेळेवर शेडमध्ये पोचेन असं नाही.

त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. मघाशी म्हणाला, "ताई, आता चप्पल चोरीला गेली तरी अर्धीच जाईल." मी हसले नाही. मग त्याने विचारलं, "दादाला कळवलंस ना? त्याचा एक फोन आला की बघ, हे कसे पळत गोळी आणतात."

म्हटलं, "कळवते आहे."

"मग झालं तर," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

गुरुवारपर्यंत तरी त्याला काहीच न सांगणारी,
तुझी बहीण