कप खाली ठेवताना

प्रिय बापूकाका,

कॉलेजची गाडी चुकली आणि कळंबच्या स्टँडसमोर तुमच्या स्टुडिओच्या काचेत मला त्या सास्तूरच्या बाईचा फोटो दिसला, तिथंच माझं सगळं बदललं. उन्हानं रापलेली, कपाळावर जुना व्रण. तुम्ही काळीला काळीच ठेवली होती. आणि काय देखणी दिसत होती ती! दुसऱ्या दिवशी गाडी आली, पण मीच चढलो नाही. नंतरही कधी नाही.

आज तुमचा स्टुडिओ सोडतोय. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.

"कॉलेज सोडून पडदे धुतोय!" असं आमचे दादा गावभर सांगायचे. खरंच, पडदेच धुतले की मी! कॅमेरा हातात द्यायला एवढे का कंजूष होता हो तुम्ही?

पण बघू दिलंत. गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवायचं, चहा पाजायचा. कॅमेऱ्यापुढं माणूस सोंग घेतो, म्हणायचात. कप खाली ठेवताना मात्र तो सोंग विसरतो. नेमकं तेव्हाच खट्!

आज सरिता आली होती, स्थळाला पाठवायचा फोटो काढायला. व्हय, तीच. ती दिसली की तुम्ही म्हणायचात, "आली बघ, आता पडदा उलटा लावशील!" आणि तिचा फोटो मीच काढायचा, कुणीतरी पसंत करावा म्हणून! कसं सोसायचं, सांगा ना?

तिच्या वडिलांना घाई होती. तरी मी चहा मागवलाच. कप खाली ठेवत ती फणकारली, "काढतोस का निस्ता बघत बसतोस?"

खट्! काका, काय आलाय फोटो! सावळी, गालावर तीळ, डोळ्यांत राग.

तुमचा विनू, आता मालक, कॉम्प्युटरवर बघून म्हणाला, "गोरी कर. तीळ उडव."

"न्हाय करणार."

"लई शहाणा झालास? तिच्या बापाला सांगितलंय म्या, पोरगी उजळ दिसंल म्हणून."

सरिता मधेच बोलली, "विनूदादा, पाव्हणे घरी येऊन मलाच बघणार ना? मग फोटोत दुसरी कशाला?"

मी होती तशी प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिनं ती वडिलांना दिली नाही, पर्समध्ये घातली.

"उद्यापासून येऊ नकोस," विनू म्हणाला.

"उद्या कशाला? आजच जातो!"

तो जेवायला गेलाय, तोवर हे लिहितोय. तुमच्या हार घातलेल्या फोटोमागं ठेवीन. तुमचं लेकरू असून त्याला कसं हो कळलं नाही?

शब्द देतो काका, परंड्यापर्यंत कॅमेरा आणि चहाची किटली घेऊन हिंडीन, पण कुणाचा रंग बदलणार नाही. आणि संध्याकाळी सरिताच्या घरी मीच जाणार, स्थळ म्हणून. फोटोबिटो नाही. काळा, बिनडिग्रीचा, आहे तसा समोर बसेन. हाकलायचं तर हाकलू देत!

दार आपटलं की ओरडायचात, "काच फोडतूस का रं!" आज ओरडा. मी निघालो, आणि दार जोरातच लावणार आहे.

तुमचाच,
अमर