नारळ न फोडलेली बोट

सोलापूर

तीर्थरूप काशम्माआक्काच्या पायांवर धाकट्या सिदूचं डोकं.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे, तुझी शेळी आणि तुझा हट्ट, तिन्हींची खुशाली कळव. (शेवटच्याची काळजी नाही, तो ठणठणीत असणार.) दाजी गेल्यापासून तू दुधनीचा उंबरा ओलांडला नाहीस. बोटीचा नारळ फोडायला ये म्हटलं, तर फोनवर म्हणालीस, "विधवेच्या हातानं नको रे, लोक काय म्हणतील? विजयमाला हाय की." बरं. बायकोचं नाव पुढं केल्यावर मी काय बोलणार? झालेली फजिती तेवढी सांगतो.

चिंचोळीच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्या करता करता यंदा मी बोट केली, हे तुला ठाऊक आहेच. दोन बाजूंना हवाबंद लोखंडी नळकांडी, वर सपाट फळ्या, कठडा, बाकडी. काल तलावावर नेली ती फक्त गळते का बघायला. (चाचणीला नारळ लागत नाही, हा नियम मीच काढला.) तरंगली, आक्का! बदकासारखी. बाहेर काढताना मात्र आमची अक्कल बाहेर आली. दोर ओढायला जीप मोकळी हवी म्हणून ट्रेलर सोडला, उतारावर कोरडाच उभा केला, चाकांना दगड लावले आणि म्हैस टेम्पोत चढवतात तसं पुढून दोर, मागून खांदा. ड्रायव्हर शिवयोगी तर तिला "चल गं, चल" म्हणून चुचकारतही होता. बोट अर्धी चढायची आणि घसरून परत पाण्यात. आम्ही मागचे कमरेपर्यंत गाळात. विजयमालाचे रावजीमामा ट्रेलरवर बसून हुकूम सोडत होते. मधेच हळूच पुटपुटले, "नारळ न्हाय फोडला, मग काय व्हनार? बहिनीसाठी अडून बसलाय." (माझे कान तुला माहीत आहेत.) मी काही बोलायच्या आत काठावरून विजयमाला कडाडली, "मामा, ते काम आक्कांचंच हाय. मी हात लावनार न्हाय!"

तेवढ्यात दगड सरकला. ट्रेलर मामांसकट पाण्यात! मामांनी बोटीच्या कठड्याला मिठी मारली, आम्ही बोंबललो, ट्रेलर बुडाला, आणि बोट शहाण्या म्हशीसारखी आपणहून तरंगत येऊन त्याच्यावर बसली. दिवसभर जे जमलं नाही, ते आमचे हात सुटताच झालं. साखळी लावून जीपनं ओढलं. कठड्याला बिलगलेले, ओल्या धोतरातले मामा मिरवत वर आले, तेव्हा काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले.

आता बोट शेडमध्ये उभी आहे. माझ्या पहिल्या वेल्डिंग मशीनला हळद-कुंकू तूच वाहिलंस. तो हात दाजी गेले म्हणून दुसऱ्या कुणाचा झाला नाही, आक्का. तुझ्याशिवाय मी ही बोट पाण्यात सोडणार नाही, मग गंजली तरी चालेल.

तुझा,
सिदू

ता. क. आज सकाळी शिंकत शिंकत मामा म्हणाले, "काशम्माला बोलवा बाबा, न्हायतर म्या काठावर बी येनार न्हाय." नारळ त्यांनीच निवडलाय.

आणखी एक ता. क. हे पत्र घेऊन शिवयोगीच आलाय, जीप तुझ्या दारात उभी आहे. त्याला जेवू घाल आणि मग ऊठ. पुढची सीट तुझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलंय. मागं बसलं की तुला मळमळतं.