खाली बसलेल्या माणसावर काठी

मंगळवार, मुकुंदवाडी. दिवेलागणीनंतर.

नळाला पाणी नाय म्हणून सकाळी आम्ही गल्लीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्यात बसलो. आम्हाला उठवायला पोलीस आले. माझा दीर गणेश पण तिथंच, लई तापट. त्यानं दगड भिरकावला, तो थेट फौजदार मॅडमच्या कपाळावर बसला. रक्ताची धार लागली. शिपाई काठी उगारून धावला, तसा गणेश हात वर करून मटकन खाली बसला. मी डोळे मिटले. पण काठी पडलीच नाय! मॅडमनं ती वरच्यावर धरली होती.

"मॅडम, तुम्हाला लागलंय," शिपाई म्हणाला.

"लागलंय मला. पण तो खाली बसलाय ना आता? मग काठी कशाला? दगडाचं काय ते कोर्ट बघेल."

रक्त पुसायच्या आधी काठी धरली बाईनं. मला जमलं असतं? मी तर हातातला हंडाच डोक्यात घातला असता.

गणेशला जीपमध्ये घातलं मात्र. त्याला नेल्याचा राग आहेच मला. तरी ती धरलेली काठी डोळ्यांपुढून हलत नाय.

संध्याकाळी ठाण्यात डबा घेऊन गेले. वाटलं, गणेश जामिनाचं विचारील. तर मान खाली घालून म्हणतो, "वहिनी, मॅडमला टाके पडले का वो?"