टिडवेल हे नाव मोठ्याने घ्यावे

९ एप्रिल, ईस्टर. संध्याकाळ.
साडूवर सूड उगवायचा. आजपासून ही वही त्याच कामाला.

घटना अशी. जेवणं चालली होती. मी सहज म्हणालो की माणसाला आपलं मूळ माहीत असावं. त्यावर क्लेटन प्रुइट (बायकोच्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर, अख्ख्या मिसिसिपीत इतका आगाऊ माणूस दुसरा नाही) हॅम चावत म्हणाला, हार्लन, तुम्हा टिडवेलांच्या घरात जुनं म्हणावं असं एकच आहे, तो तुझा फ्रीज. सगळे हसले. पाद्री हसला. माझी स्वतःची बायको डार्ला तोंडाला रुमाल लावून हसली. नात पायपर नऊ वर्षांची. तिला काही कळलं नाही, तरी हसली.

तो फ्रीज मी पंचवीस वर्षं दुरुस्त करून चालवलाय. अक्कल लागते.

संकल्प : १. सूड. २. चेहरा शांत ठेवणे. ३. बर्फ घातलेला गोड चहा कमी.

१२ एप्रिल
चहा सोमवारपासून कमी.

सूड सापडला! आजी सांगायची, सीडर रेस्टच्या मळ्यावर आपल्या एझ्राच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. एझ्रा टिडवेल, माझा खापरपणजोबा. सीडर रेस्ट म्हणजे पांढऱ्या खांबांचं घर, ओकची दुतर्फा रांग, हजार एकर कापूस. हल्ली तिकीट काढून दाखवतात. ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, तो मालक नाही तर कोण? क्लेटनच्या बापाचं खताचं दुकान होतं.

बेत : मे अखेरीस सगळं घर सीडर रेस्टला न्यायचं, क्लेटनसकट. त्याचं तिकीट मी काढणार. गाइड चारचौघांत नाव घेणार. मी मान खाली घालून म्हणणार, छे हो, जुन्या गोष्टी त्या. आरशासमोर करून पाहिलं. छान जमतंय.

२१ एप्रिल
सीडर रेस्टच्या ऑफिसला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं. एझ्रा टिडवेल हे नाव आमच्या चांगल्याच माहितीचं आहे, म्हणतात. चांगल्याच माहितीचं! डार्लाला दोनदा वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, बरं.

फक्त त्यांचा एक नियम आहे. कुणाच्या पूर्वजाचं नाव घेऊन काही सांगायचं तर वंशजाची लेखी संमती लागते. मागे कुणी तक्रारी केल्या होत्या म्हणे. लोक कशाचीही तक्रार करतात. फॉर्म भरला. शेरा लिहायला चार ओळी होत्या, मला कमी पडल्या. लिहिलं : एझ्राविषयी जे जे ठाऊक असेल ते सगळं सांगावे. काही हातचं राखू नये. दर फेरीत सांगितलं तरी टिडवेल कुटुंबाची हरकत नाही. खाली पूर्ण नाव, झोकदार सही.

२ मे
टी-शर्ट छापायला टाकले. चौदा. छातीवर भलं मोठं जुन्या वळणाचं ‘टी’ अक्षर, खाली ‘टिडवेल : घरी परत’. क्लेटनचा मुद्दाम दोन साइझ लहान सांगितला. त्याची ढेरी टिडवेल नावाखाली घुसमटताना बघायचीय.

सूड बारीकसारीक गोष्टींत असतो. हे वाक्य माझं स्वतःचं आहे.

११ मे
सीडर रेस्टहून फोन. मिस ओडेसा बॅटिस्ट म्हणून तिथल्या जुन्या गाइड आहेत, सत्तरीच्या. त्या दिवशी आमची फेरी त्याच घेणार. विचारलं, मिस्टर टिडवेल, फॉर्मवर लिहिलंय ते खरंच सगळं सांगू ना? मी म्हणालो, सगळं. त्यांनी पुन्हा विचारलं, घरचे असतील, लहान मुलं असतील. मी म्हणालो, बाई, नाव जरा मोठ्याने घ्या, माझा साडू एका कानाने बहिरा आहे. (नाही. पण असो.) त्यांनी माझा शेरा हळू आवाजात मलाच वाचून दाखवला. मग म्हणाल्या, बरं, साहेब.

बिचाऱ्या दबकल्या असाव्यात. एवढ्या घराण्याशी बोलायची सवय नसते.

२६ मे
तयारी. उकडलेले शेंगदाणे, भरली अंडी, गोडाला पीच कॉबलर. पांढरा लिननचा सूट काढून पाहिला. धुण्यात आटलाय. चहा कमी केला असता तरी आटलाच असता. मीही टी-शर्टच घालणार.

पायपरने विचारलं, पॉपॉ, ते घर आपलं होतं तर आता का नाही? म्हटलं, युद्ध झालं ना. कुठलं, म्हणाली. म्हटलं, उद्या त्या बाई सगळं सांगतील. तिने वहीत आठ प्रश्न काढून ठेवलेत. माझ्यावर गेली आहे.

उद्या क्लेटनचे दात त्याच्याच घशात घालतो.

२७ मे, शनिवार. सकाळी साडेनऊ. सीडर रेस्टचा पार्किंग लॉट.
क्लेटन आत्ताच उतरला. शर्टात पोट मावत नाही, दंडाला रक्त थांबलंय. म्हणाला, रंग छान निवडलास, हार्लन. सोंगाड्या!

त्याच दिवशी. दुपार. गाडीत.
ऊन फार आहे. उन्हामुळे मला बरं वाटत नाही.

संध्याकाळ. घरी.
नीट लिहून ठेवतो. नोंद चोख असावी.

मोठ्या घरात नाव आलं नाही. दिवाणखाना झाला, जेवणघर झालं, मालकांच्या तसबिरी झाल्या. सगळे कुणी वेगळेच, मोठ्या नाकाचे. मी खाकरून खुणावलं. मिस ओडेसा म्हणाल्या, तुमचं पुढे आहे, साहेब. मग मागच्या दाराने बाहेर, तबेल्यापलीकडे विटांच्या खोल्यांची रांग. तिथे थांबल्या. म्हणाल्या, इथे गुलाम राहायचे, आणि एझ्रा टिडवेल त्यांच्यावर अकरा वर्षं मुकादम होता. त्याच्या शब्दाशिवाय इथलं पान हलत नसे.

मुकादम. क्लेटन हसेल म्हणून मी आधी त्याच्याकडेच पाहिलं. तो हसत नव्हता.

मग बाईंनी एक कागद काढला. जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात, एझ्राच्या नावाची. हेस्टर नावाची मुलगी, वय सुमारे एकोणीस, पळून गेली आहे. ओळखायची खूण : डाव्या गालावर मी स्वतः डागलेलं ‘टी’. बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. कागदाची घडी घालून म्हणाल्या, हेस्टर माझी खापरपणजी. पंधरा दिवसांनी धरून आणली.

आम्ही चौदाजण रांगेत उभे. चौदा छात्यांवर चौदा ‘टी’.

पायपरने आधी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्या. विचारलं, पॉपॉ, ते ‘टी’ म्हणजे हेच?

मी म्हणालो, ऊन फार आहे.

बायका बाथरूमला जाऊन आल्या त्या शर्ट उलटे घालून. मग जावई. मग पोरं. पायपर झाडामागे जाऊन उलटा करून आली. क्लेटनने जोर लावून पाहिला, पण शर्ट काखेतच अडकला. शेवटपर्यंत सुलट नाव फक्त दोघांच्या छातीवर. त्याच्या आणि माझ्या. त्याचं कारण शर्ट लहान. माझं कारण मलाही सांगता येत नाही.

कॉबलर कुणी खाल्लं नाही.

२८ मे
चर्चला गेलो नाही. गुडघा.

डार्ला म्हणाली, हात दाखवून अवलक्षण! नाव घ्या म्हणून कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, हा सगळा त्या बाईंचा डाव आहे. ती म्हणाली, तिने तुला दोनदा विचारलं, हार्लन. फोन स्पीकरवर होता.

नवा संकल्प : मिस ओडेसांवर सूड. संमती परत घेणे.

३१ मे
ऑफिसला फोन. मॅनेजर फारच सभ्य. म्हणाला, तुमचा फॉर्म समोरच आहे, साहेब. ‘काही हातचं राखू नये’ तुमच्याच अक्षरात. फॉर्म मागे घ्यायची सोय आहे का? नाही. उलट आभार मानले. मिस ओडेसा अठ्ठावीस वर्षं हे सांगायची परवानगी मागत होत्या, नियमात बसत नव्हतं. आता तुमच्या शेऱ्यामुळे सगळे गाइड सांगतात. दर फेरीत.

किती फेऱ्या असतात, विचारलं. चार. शनिवारी पाच.

६ जून
क्लेटनचे तीन फोन. उचलले नाहीत. आता टोमणा मारणार, नक्की. मी उत्तरं तयार ठेवली आहेत, एकाहून एक झोंबरी.

९ जून
क्लेटन घरीच आला. टोमणा नाही. व्हरांड्यात बसला, गोड चहा प्यायला, म्हणाला, आमच्याकडे कुणीच कधी काही विचारलं नाही, म्हणून आमचं घराणं माझ्या बापाच्या खताच्या दुकानापासून सुरू होतं. त्याच्या आधीचं बघायची मला भीती वाटते. मग फ्रीजमधून बर्फ घेतला. चांगला चालतो रे, म्हणाला.

तयार उत्तरांतलं एकही वापरता आलं नाही. चिडचिड झाली. मग रडूही आलं. त्याला उन्हाचं कारण चालणार नाही, पाऊस होता.

पायपर दोन रविवार आलेली नाही. मुलगी म्हणते, तिला थोडा वेळ दे. तिची प्रश्नांची वही माझ्या गाडीतच राहिलीय. पहिला प्रश्न : आमचा एझ्रा चांगला होता का?

१७ जून, शनिवार
सीडर रेस्टला जाऊन आलो. एकटा. हेतू एवढाच की सांगण्यात काही चूक सापडते का बघावं, म्हणजे तक्रार करता येईल. बाकी काही नाही. पायपरची वही खिशात होती, ती सहज.

तिकिटाच्या खिडकीतली मुलगी छातीवर लावायला नावाची चिठ्ठी देते. नाव काय, साहेब? मागे रांग होती. विचार करायला वेळ नव्हता.

म्हटलं, प्रुइट. क्लेटन प्रुइट.

चिठ्ठी लावून शेवटच्या ओळीत उभा राहिलो, टोपी पुढे ओढून. विटांच्या खोल्यांपाशी मिस ओडेसा थांबल्या. सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यापाशी आली, चिठ्ठीवर गेली, परत तोंडावर आली. मला वाटलं, आता नाव घेतील.

म्हणाल्या, या मिस्टर प्रुइट, असे पुढे या. तिथून नीट ऐकू येणार नाही.