ऑइल जातं कुठे?

२ सप्टेंबर. सकाळी ७.१०
ऑफिसला निघालो तर वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला. लागला आणि विझला. कडेला थांबून ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढली. टोकाला नुसता ओलावा. मागच्याच महिन्यात वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं! मग जातं कुठे?

गाडी सतरा वर्षांची. दोन लाख अठरा हजार किलोमीटर. तरी खणखणीत. माणसंच हल्ली नाजूक झालीत.

मुलीला १ ऑक्टोबरला नोकरीवर हजर व्हायचंय. पाच तासांवरचं गाव. आदल्या दिवशी सामानासकट मी सोडणार, माझ्या गाडीतून. हे ठरलंय. बायको म्हणते, माझा भाऊ सोडेल, त्याची नवी गाडी आहे. तिचा भाऊ! सहा महिने झाले, सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. असल्या माणसाच्या हाती मुलगी देऊ? शिवाय पाच तास. मुलीशी सलग पाच तास बोललो, त्याला किती वर्षं झाली आठवत नाही. ती गेल्यावर तर प्रश्नच मिटला.

निश्चय: २५ तारखेच्या आत रोगाचं मूळ शोधणे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक आहे. भल्याभल्यांचे तराजू पकडलेत. इंजिन काय चीज आहे!

३ सप्टेंबर
मेकॅनिककडे. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. चहा पीत पीत म्हणाला, साहेब, म्हातारी झाली, थोडं पिणारच. डिकीत एक डबा ठेवा, दोनशे किलोमीटरला बघा, कमी असेल तेवढं घाला आणि बिनधास्त फिरा.

याला म्हणे निदान! उद्या डॉक्टर म्हणेल, रक्त जातंय ना, बाटली जवळ ठेवा. मी कारण विचारलं. म्हणाला, कारण वय. याला दुकान कोणी काढू दिलं?

४ सप्टेंबर
गळतीची चाचणी. रात्रभर गाडीखाली पांढरी चादर. सकाळी तपासली. ऑइलचा थेंब नाही. मांजराची पावलं आहेत. निष्कर्ष: गळत नाही, जळतंय.

चादर पाहुण्यांसाठी ठेवलेली होती असं कळलं. शास्त्राला या घरात किंमत नाही.

५ सप्टेंबर
धुराची चाचणी. बायकोला गाडीमागे उभं केलं, मी गाडी चालू केली. रंग विचारला. म्हणाली, धुरासारखा. निळसर की काळपट, नीट बघून सांग म्हटलं. म्हणाली, माझी भाजी लागतेय, आणि आत गेली. पुढची चाचणी मुलीने केली. पहिल्या झटक्याला निळा, मग साफ, असं तिने कागदावर वेळेसकट लिहून दिलं. माझ्यावर गेलीय.

सकाळच्या पहिल्या धुरात निळा म्हणजे व्हॉल्व्हची सीलं. रबर कडक झालं की रात्रभर ऑइल आत झिरपतं आणि सकाळी जळतं. पुस्तकात स्पष्ट आहे. मेकॅनिकला वाचता येतं का, शंका आहे.

६ सप्टेंबर
रोजचा चाळीस किलोमीटर प्रवास. ३ तारखेपासून रोज सकाळी साडेसहाला मोजणी, सपाट जागी, थंड इंजिनवर: खुणेपर्यंत परत भरायला किती लागतं. ऑफिसचं प्रमाणित माप घरी आणलंय. खप: रोज शंभर मिली. म्हणजे चारशे किलोमीटरला लिटर.

सीलं बदलायला मेकॅनिक चार दिवस मागतो. याच्या हाती चार दिवस गाडी? त्यापेक्षा माझा उपाय: ट्रकचं जाड ऑइल. जाड माणूस फटीतून जात नाही, तसंच.

८ सप्टेंबर
जाड ऑइल घातलं. स्वतः. गॅरेजची पायरी न चढता. अंगावर थोडं सांडलं. शर्ट तसाही जुना होता (बायकोला मान्य नाही).

१० सप्टेंबर
काल शंभर. आज शंभर. फरक शून्य. काही समजत नाही.

जेवलो नाही. मुलीला म्हटलं, माझ्या गाडीला जमत नसेल तर जा मामाच्या गाडीने, माझी काय गरज. बायको म्हणाली, मग ठरलं. मुलगी ताटाकडे बघत बसली.

११ सप्टेंबर
खप: शून्य!!

तीन वेळा पुसून पाहिलं. खुणेला बरोबर.

१२ सप्टेंबर
शून्य.

१४ सप्टेंबर
शून्य. जाड ऑइलला मुरायला तीन दिवस लागतात, हे कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे हा माझा शोध. ऑफिसात सांगितलं. हेडक्लार्क म्हणाला, असं होत नसतं. हा गृहस्थ तीस वर्षं स्कूटर ढकलून चालू करतोय.

मुलगी हल्ली साडेपाचला उठते. फिरायला जाते म्हणाली. नोकरी लागायच्या आधीच शिस्त. मी मात्र तिला बाथरूमचा टॉवेल काळा करण्याबद्दल बोललो. फिरायला जाऊन हात कशाने काळे होतात?

१६ सप्टेंबर
गंभीर प्रकार. जिन्याखाली ठेवलेला ऑइलचा डबा हलका लागला. मापाने मोजलं. सहाशे मिली कमी! गाडी पीत नाही, मग पितो कोण?

शेजारचे निवृत्त मास्तर. त्यांच्या फाटकाचं बिजागर गेले दोन दिवस कुरकुरत नाही. सगळं जुळतं.

१७ सप्टेंबर
मास्तरांना आडवळणाने विचारलं. म्हटलं, फाटक अगदी गुळगुळीत चालतंय हो. ते म्हणाले, खोबरेल तेल लावलं. बघा, केवढी तयारी! मी सरळच बोललो. त्यांचा चेहरा पडला, फाटक लावून आत गेले. अपराधी माणूस असाच जातो.

१८ सप्टेंबर
डबा लोखंडी कपाटात. कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

मुलीने किल्ली मागितली. कशाला विचारलं तर म्हणाली, छत्री. छत्री कपाटात नसते. मग म्हणाली, बाबा, तो डबा डिकीतच ठेवू या ना. मी हसलो. ही मेकॅनिकची भाषा. बऱ्या झालेल्या माणसाला रोज थर्मामीटर लावत नाहीत, म्हटलं. आजपासून मोजणी बंद.

१९ सप्टेंबर
मुलगी मावशीकडे गेली, निरोप घ्यायला. २६ ला परत. निघताना दोनदा म्हणाली, ऑइल बघत जा हं बाबा. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून पुन्हा. माझ्या विषयात तिला एवढा रस आलाय, बरं वाटलं.

२२ सप्टेंबर
मेकॅनिक रस्त्यात भेटला. ऑइल घालताय ना, विचारलं. म्हटलं, गाडी ऑइल प्यायची बंद झाली. तो नुसता बघत राहिला. अज्ञानाचा चेहरा असाच असतो.

पण याला पुरावा लागणार. २५ ला सुट्टी आहे. पाचशे किलोमीटर सलग. मग बोलू.

२५ सप्टेंबर. सकाळी ६.००
निघालो. बायको म्हणाली, एकदा तरी बघून घ्या. हिला थर्मामीटरचा मुद्दा परत समजावला.

१०.१५
दोनशे साठ झाले. मोकळा रस्ता, ताशी शंभर. गाडी गाते आहे.

१२.१०
परतीला. वळणावर लाल दिवा. दिव्याची वायर जुनी झाली असणार.

१२.४०
दिवा विझत नाही. डोळ्यावर येतो. त्यावर चिकटपट्टी लावली.

१.२५
इंजिनातून टकटक. जाड ऑइल असलं की आवाज जरा जाड येतो. वेग वाढवला की टकटक ऐकू येत नाही.

१.५०
थांबली.

२.३०
किल्ली फिरवतो तर नुसतं टक्. पुढे काही नाही. इंजिनाला हात लावता येत नाही इतकं तापलंय. शेतातून एक बाई बघतेय. हिला काय कळणार.

४.४०
तिनेच पाणी आणून दिलं. मेकॅनिकला फोन केला. ओढगाडी पाठवतो म्हणाला. का, कसं, काही विचारलं नाही. हा त्याचा उद्धटपणा.

२६ सप्टेंबर
मेकॅनिकने खालचा नट काढला. साडेतीन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनातून जे निघालं ते मी प्रमाणित मापाने मोजलं: तीनशे वीस मिली. काळं, त्यात चकाकणारा चुरा. शंभरच्या वेगाला दुप्पट पिते, मेकॅनिक म्हणाला. इंजिन जाम. दुसरं बसवण्यापेक्षा गाडी भंगारात द्या, म्हणाला. आवाज खाली आणून म्हणाला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं.

पण अकरा ते अठरा शून्य होतं! माझ्या वहीत आहे. वही खोटं बोलत नाही.

संध्याकाळी
मुलगी आली. पिशवी हातातच होती, गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघून तिथेच उभी राहिली. मग रडायला लागली. म्हणाली, बाबा, मी घालत होते. रोज सकाळी, तुम्ही उठायच्या आत, शंभर मिली. किती घालायचं ते मेकॅनिककाकांना विचारून आले होते. तुम्ही जेवला नाहीत ना त्या दिवशी. मला तुमच्याबरोबरच जायचं होतं.

आणि मी किल्ली खिशात घालून फिरत होतो.

२७ सप्टेंबर
शांतपणे विचार करता, माझ्या पद्धतीत चूक नव्हती. मोजणीत बाहेरच्यांनी हात घातला की कुठलाही प्रयोग फसतो. हे मी तिला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

मास्तरांची माफी मागायची का? विचाराधीन.

२९ सप्टेंबर
मास्तरांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. मी हवेबद्दल बोलून परत आलो.

३० सप्टेंबर. सकाळी ७.४०
मामा साडेसहाला आला. वेळेवर. सामान मीच चढवलं, याला जड खाली ठेवायची अक्कल नाही. बायको पुढे बसली. मुलगी म्हणाली, बाबा, चला ना, मागे आपण दोघं बसू. मामाही म्हणाला, चला हो, भाऊजी. मी म्हटलं, दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायची मला सवय नाही, शिवाय भंगारवाला गाडीचे कागद न्यायला येणार आहे. ती दार उघडं धरून थोडा वेळ तशीच बसली. मग लावलं.

सकाळी ११.००
भंगारवाल्याचा फोन. उद्या येतो म्हणाला.

दुपारी १२.१०
पोचल्याचा मुलीचा फोन. पाच तास कसे गेले कळलंच नाही, म्हणाली. मामाशी खूप गप्पा झाल्या म्हणे. जेवलात का, विचारलं. हो म्हटलं.

जेवलेलो नाही. मागच्या सीटवर जागा होती.