मेल खाणाऱ्याचं तंगडं

३ नोव्हेंबर, सोमवार
आज ठरवलं: चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी असाच राहिला तर गोळी वाढवावी लागेल. तेव्हा न ओरडता, शांत डोक्याने एजाजचं तंगडं मोडायचं.

प्रकार असा. आमच्या टॉवेल कारखान्याचं जर्मनीचं गिऱ्हाईक सकाळी फोनवर चनमल्लप्पा मालकांना झापत होतं. महिनाभरात त्याने किनारीच्या रंगाबद्दल पाच मेल केले, आम्ही एकालाही उत्तर दिलं नाही. पंधरा तारखेपर्यंत रंग पक्का झाला नाही तर ऑर्डर दुसरीकडे. ऑर्डर गेली की रात्रपाळी बंद, चाळीस माणसं घरी. मालकांनी फोन ठेवून मला विचारलं, सोमशेखर, कॉम्प्युटर तू बघतो न्हवं? मग मेल गेले कुटं?

एक्स्पोर्टच्या मेलबॉक्सचा पासवर्ड तिघांकडे. मी, एक्स्पोर्टच्या कीर्ती मॅडम आणि डिस्पॅचचा एजाज. मी तर नाही. मॅडमना येऊन पंधराच दिवस झालेत. उरला कोण? शिवाय साधे मेल सगळे येतात, महत्त्वाचेच गायब होतात. म्हणजे कोणीतरी वाचून, निवडून उडवतंय. त्याचं मुस्काट फोडल्याशिवाय हे थांबणार नाही.

४ नोव्हेंबर
कीर्ती मॅडम म्हणाल्या, मेलबॉक्सला एखादा फिल्टर लागलाय का बघा, कंट्रोल पॅनेल उघडलं की दोन मिनिटांत दिसेल. पॅनेल उघडून टिचक्या मारणं हे कारकुनाचं काम. मी सतरा वर्षं सिस्टीम सांभाळतोय. मी एपीआयने काढणार. माझा प्रोग्रॅम थेट सर्व्हरला विचारणार, फिल्टरची यादी दे, आणि सर्व्हर निमूट देणार. अर्ध्या तासात संपवतो.

४ नोव्हेंबर, दुपारी ४.१०
परवानगी नाही म्हणतोय. माझाच सर्व्हर, मलाच! टोकन, म्हणजे प्रोग्रॅमची किल्ली, तीनदा टाकलं. चौथ्यांदा यूपीएसला लाथ घातली. यूपीएस लोखंडी आहे हे माहीत होतं, ऐन वेळी आठवलं नाही. अंगठ्याचं नख काळं पडलंय. मॉनिटरवर खांडेनवमीचं वाळकं झेंडूचं तोरण अजून लटकत होतं, ते ओरबाडून काढलं आणि पायाखाली तुडवलं. दुसऱ्या पायाखाली.

५ नोव्हेंबर
टोकनच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटली होती. मॅडमनी दाखवली, पण मला दिसणारच होती.
सर्व्हर बोलला. यादी रिकामी. एकही फिल्टर नाही. प्रिंट काढला, सही केली, शिक्का मारला. यंत्र निर्दोष. आता माणूस.

६ नोव्हेंबर
संकल्प: मारण्याआधी एकदा विचारायचं.

विचारलं. कॉलर धरून विचारलं, पण विचारलं. एजाज गठ्ठ्यांना पट्ट्या मारत होता. म्हणाला, शेखरअण्णा, बारा वर्सं झाली मला हितं, मेल उडवून मला काय मिळणार हाय? कॉलर सोडा की. त्याचा आवाज मला उर्मट वाटला. ठोसा लगावला. त्याचा ओठ फुटला, रक्त पांढऱ्या टॉवेलांवर उडालं, तेही एक्स्पोर्टच्या. त्याने उलट मारलं नाही, नुसतं ढकललं. मी मागे गठ्ठ्यावर आपटलो. टॉवेल मऊ असतात, पट्टीची कडा नसते. पाठीवर वीतभर ओरखडा.

मालकांनी माझा प्रिंट बघितला. शिक्का बघितला. एजाजला घरी पाठवलं. म्हणाले, तीन दिवसांत लेखी खुलासा दे, एक्स्पोर्टच्याच मेलवर पाठव, न्हाईतर पुन्हा येऊ नको. मला काहीच बोलले नाहीत. जिंकलो.

८ नोव्हेंबर
गिऱ्हाईकाचा फोन. सहावा मेल पाठवलाय म्हणे. आला नाही. एजाज तर घरी. म्हणजे घरून, मोबाईलवरून उडवतोय! किती आतल्या गाठीचा माणूस. पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड ही एक शिवी आहे, एकवीस अक्षरांची, एजाजला उद्देशून. कोणाला सांगणार नाही, मॅडमनाही रोज सकाळी मीच मेलबॉक्स उघडून देणार. टाइप करताना बरं वाटेल.

१० नोव्हेंबर
सातवाही गायब. एजाजच्या खुलाशाचा पत्ता नाही. मालकांनी फोन केला तर म्हणतो, कवाच पाठवलाय की. खोटारडा. मेलबॉक्समध्ये नाही म्हणजे पाठवलाच नाही. मी मालकांना तसं ठासून सांगितलं. त्यांनी त्याला फोनवरच कामावरून काढलं.

जेवताना दाक्षायणीने विचारलं, तुम्हाला डेंग्यू झाला तेव्हा पाठुंगळी घेऊन जिना उतरला तो हाच एजाज ना? बायकोने अशा वेळी असे प्रश्न विचारू नयेत. ताट भिंतीवर भिरकावलं. ताट भिंतीवरून परत आलं. त्याच अंगठ्यावर.

११ नोव्हेंबर
कीर्ती मॅडम म्हणाल्या, शेखर सर, रागावू नका, पण तुम्ही मागवलेली यादी अख्ख्या कंपनीच्या खात्याची आहे. प्रत्येक मेलबॉक्सचे फिल्टर वेगळे असतात, मागताना त्या मेलबॉक्सचा पत्ता द्यावा लागतो. तुम्ही दिलेलाच नाही.
मी रागावलो नाही. स्टेपलर भिंतीला फेकून मारला इतकंच.

११ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०
पत्ता घातला. यादी आली. फिल्टर एक.
विषयात ‘अर्जंट’ हा इंग्रजी शब्द असेल तर मेल तिथल्या तिथे नष्ट कर.
फिल्टरचं नाव: खांडेनवमी-सोमशेखर.

आठवलं. खांडेनवमीला माग धुतले, हळदकुंकू वाहिलं, माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा केली. त्या दिवशी यंत्राला काम लावायचं नसतं. पण दरवर्षी नेमका तेव्हाच कोणाचातरी अर्जंट मेल येतो आणि पूजलेलं मशीन चालू करावं लागतं. यंदा डोकं फिरलं. म्हटलं, बघतोच कोण अर्जंट येतो ते. एका दिवसापुरता फिल्टर लावला. दसऱ्याला काढायचा होता. दसऱ्याला मी आपट्याची पानं वाटत कारखानाभर फिरलो. पहिलं पान एजाजला दिलं होतं.

फिल्टर पुसून टाकावा, कोणाला कळणार आहे, असं मनात आलं. मागे वळलो तर कीर्ती मॅडम स्क्रीन वाचत उभ्या होत्या.

१३ नोव्हेंबर
मॅडमनी गिऱ्हाईकाकडून मेल पुन्हा मागवून उत्तर दिलं. रंग पक्का झाला. ऑर्डर राहिली, रात्रपाळी राहिली.

मालकांनी एजाजला बोलावून घेतलं. त्याच्या ओठावर अजून खपली आहे. त्याने मोबाईल पुढे केला. सात तारखेला पाठवलेला मेल. विषय: अर्जंट, खुलासा. इंग्रजीत. पहिली ओळ मालकांनी मोठ्याने वाचली. शेखरअण्णा तापट आहेत पण मनाने वाईट नाहीत, मारल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई करू नये.

मला ऐकवेना. चष्मा काढून खिशात ठेवला, त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मार म्हणालो. मनापासून म्हणालो. एजाज म्हणाला, अण्णा, जरा सरका की, सात दिवसांचे गठ्ठे पडल्यात.

कॉम्प्युटर आजपासून मॅडमकडे. मी डिस्पॅचला, एजाजच्या हाताखाली. मॅडमनी पासवर्ड मागितला. एजाज शेजारीच उभा होता. एकवीसच्या एकवीस अक्षरं मोठ्याने सांगावी लागली.

पट्टी हळू ओढायची असते म्हणाला एजाज. संध्याकाळपर्यंत मी तीन तोडल्या.